मधला चौकोन

चोपड्यात, यावल रोडच्या वजनकाट्यामागच्या खोलीत
आम्ही चौघं रविवारी रात्री बसतो.
दिवसा इथं केळीच्या गाड्यांच्या पावत्या फाटतात,
रात्री वीस बाजूंचा फासा घरंगळतो
आणि कुंदन बाविस्कर सांगतो : अंधार पडलाय, पुढे नदी आहे.

पहिल्या रविवारी त्यानं प्रत्येकाला कागद दिला.
नाव, बळ, अक्कल,
आणि तळाशी नऊ चौकोन.
वर सज्जन, खाली दुर्जन,
डावीकडे नियम पाळणारे, उजवीकडे मोडणारे.
हिना पिंजारीनं वरचा डावा घेतला, पेनानं.
लोकेशनं खालचा उजवा, दात विचकत.
मी मधला. पेन्सिलीनं.

"घाबरला," लोकेश म्हणाला.
नाही रे. काट्यावर बसतो मी.
माल कुणाचा, हे मी विचारत नाही.

माझा माणूस नावाडी, नाव काशा.
माणशी दोन कवड्या, बकरीला एक.
दरोडेखोर असो, शिपाई असो, दर तोच.
कुंदन म्हणाला, मधल्या घरात सगळे सारखेच दिसतात बाहेरून.
कुणाला कशाचंच काही नसतं,
कुणी पारडं कललं की उठून हलक्या बाजूला जाऊन बसतो.
तुझा काशा कोण?
म्हटलं, खेळता खेळता कळेल.
"हां," तो म्हणाला, "कळतं. उशिरा."

चौथ्या रविवारी ती आली, खेळातली.
अनवाणी, कानात एकच डूल, कवडी नाही.
काशानं तिला पैलतीरी सोडलं, उधारीवर,
वल्ह्यावर कोळशानं दोन रेघा ओढून.
परत आला तर काठावर मशाली,
सात शिपाई
आणि चौदा कवड्या, मोजून तयार.

मी फाशाकडे हात नेला.
कुंदननं तो मुठीत झाकला.
"हे नशिबावर नाही."

खोलीत केळीच्या चिकाचा वास. बाहेर एक ट्रक
मागे घेताना टीं टीं करत होता.
मी म्हणालो, काशा त्यांना बसवतो. दर तोच.
हिनानं डबा पिशवीत टाकला, चप्पल घातली,
आणि दारातून, घरच्या बोलीत,
"तू कोना शे रे? एकदाव सांगी दे."

सोमवारी सहा वाजता मी काटा उघडला.
रिकाम्या प्लेटवर वारा आला तरी
पडद्यावर दहा किलो दिसतात.
रोज सकाळी शून्य करावं लागतं,
बटण दाबून, बोटानं.
अकरा वर्षं दाबतोय. कधी वाटलं नव्हतं
की हेसुद्धा काहीतरी करणं आहे.

दुपारी मगनशेट वाकून म्हणाला, गाडीमागे तीस किलो,
कोण बघतंय?
मी नेहमीसारखी पावती फाडली, जेवढं होतं तेवढ्याची.
बागवाला हात जोडायला लागला.
म्हटलं, तुमच्यासाठी नाही केलं.
मग घरी जाताना, सायकलवर, चढ लागेपर्यंत
विचार करत राहिलो,
कुणासाठी.

शाळेत शिंपी सर शब्द फोडायला लावायचे.
तटस्थ : तटावर उभा असलेला.
तापीला दोन तट आहेत.
कुठला, ते शब्दात नाही.

आज शनिवार.
कागदावरचा चौकोन मी इतक्यांदा खोडलाय
की दिव्यासमोर धरला तर तेवढाच उजळतो.
त्या रात्री कुंदननं खेळ तिथंच थांबवला होता.
म्हणजे सहा दिवस झाले
सात शिपाई माझ्या होडीत बसून आहेत,
पैलतीरावर ती कुठवर पळाली मला माहीत नाही,
पाणी छातीपेक्षा खोल आहे,
आणि वल्हं,
दोन रेघांचं,
माझ्या हातात.